नावाखालची ओळ

दीक्षा बनसोडेच्या पिशवीत एक स्टीलचा डबा असतो. पहिल्यांदा तिनं तो आमच्या पाणीपुरवठा संस्थेच्या टेबलावर ठेवला, तेव्हा मला वाटलं, मुलगी इस्लामपूरहून आली आहे, दुपारचं जेवण बरोबर आणलं असेल. मी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला. तिनं झाकण काढलं तर आत फडक्यात गुंडाळलेले चार जुने आयफोन. एकाची काच तडकलेली, एकाची पाठ निघालेली.

"नव्या फोनवर सगळंच चांगलं दिसतंय, काका," ती म्हणाली. "जुन्यावर दिसलं तर खरं."

मी लिहिणारा माणूस नाही. अडतीस वर्षं संस्थेचं पाळीपत्रक लिहिलं, पण त्याला कोणी लिहिणं म्हणत नाही. तरी त्या सोमवारी चेंबरवर जे झालं ते गावात तीन-चार तऱ्हांनी सांगितलं जातं, आणि एकाही तऱ्हेत दीक्षा जशी आहे तशी येत नाही. म्हणून हे लिहायला बसलो. जमेल की नाही ठाऊक नाही.

आमची संस्था कृष्णेचं पाणी मोटारीनं उपसून टेकाच्या, म्हणजे टेकडीच्या, वरच्या अंगाला असलेल्या मोठ्या चेंबरमध्ये आणते. तिथून पाइपानं ते मळ्यामळ्यांत जातं. एका वेळी एकाच मळ्याचा व्हॉल्व्ह उघडतो. तो उघडणारा पाटकरी म्हणजे अर्जुना. कोणाचा व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे पाळीपत्रकात असतं, आणि पाळीपत्रक माझ्या वहीत असायचं.

गेल्या वर्षी जयराज चेअरमन झाला. तरुण माणूस, बोलायला गोड, हातात कायम आयफोन. त्यानं ठरवलं की वही बंद करायची. अर्जुनाला एक आयपॅड द्यायचा, पाळीची यादी त्यावर. आयफोन गावात सहा-सात जणांकडेच, म्हणून रोज त्या दिवसाच्या यादीचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकायचा. हे काम कोण करून देईल, तर कोणीतरी दीक्षाचं नाव सांगितलं.

तिच्या वडलांना मी ओळखत होतो. जालिंदर बनसोडे, एसटीत मेकॅनिक. आमचा पंप अडला की सुट्टीच्या दिवशी सायकलवरून यायचे. दीक्षा सांगलीला इंजिनिअरिंग शिकली, पुण्यात तीन वर्षं नोकरी केली, लॉकडाऊनमध्ये घरी आली आणि परत गेलीच नाही. इस्लामपुरात स्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली आहे, तिथं बसून ती आयफोनची ॲपं बनवते. तिची आई आक्काताई एकदा मला बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "पुण्याची खुर्ची सोडून आली बघा. आता दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसती." पण सांगताना तिचा चेहरा काही दुःखी नव्हता.

यादी बनवायला घेण्याआधी दीक्षा दोन दिवस माझ्या वह्या वाचत बसली. माझं अक्षर आजवर कोणी इतक्या बारकाईनं वाचलं नव्हतं. मला घाम फुटला.

"काका, ह्यात बापाचं नाव कुठंच नाही?"

"बापाच्या नावानं गावात कोण कुणाला वळखतंय? मळ्यानं वळखत्यात."

"आणि हे लालासाहेब थोरात दोनदा लिहिलेत."

मग मला तो किस्सा सांगावा लागला. पासष्टच्या लढाईहून आमच्या गावचे सुभेदार लालासाहेब थोरात धड परत आले. त्या साली थोरातांच्या भावकीत जेवढे मुलगे जन्मले त्या सगळ्यांची नावं लालासाहेब ठेवली. पाच होते. त्यातले दोन आता संस्थेचे सभासद. एक टेकावरचे, त्यांना सगळे आबा म्हणतात. दुसरे विहीर मळ्यातले, ते तात्या. वहीत मी नाव लिहायचो आणि त्याखाली बारीक अक्षरात मळा.

दीक्षा हसली. मग हसू आवरून तिनं तिच्या कागदावर लिहिलं, 'मळा हवाच.'

त्या दिवशी तिनं मला एक गोष्ट समजावली. भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडून पाठीमागं चार चौकोन काढले. आयफोनमध्ये यादीच्या प्रत्येक ओळीचे चार तयार साचे असतात म्हणे. पहिल्यात फक्त नाव. दुसऱ्यात नाव डावीकडे आणि दुसरी माहिती उजव्या कडेला, फिक्या अक्षरात. तिसऱ्यात डावीकडे छोटं लेबल आणि शेजारी माहिती. चौथ्यात नाव वर आणि त्याखाली बारीक अक्षरात दुसरी ओळ.

"तुमची वही म्हंजे हा चौथा," ती म्हणाली.

"आन तू आपला येगळा साचा का न्हाई करत?"

"येतोय की करायला. पण तयार साचा असला की कुणी अक्षर मोठं केलं तरी ओळ आपली आपण उंच होते. जुन्या फोनवर मोडत नाही. मला एकटीला सांभाळायचंय सगळं." मग पहिल्या चौकोनावर पेन्सिल टेकवून म्हणाली, "फक्त एक ध्यानात ठेवायचं. ह्या पहिल्या साच्यात तुम्ही दुसरी ओळ घालायला गेलात तर ती दिसत नाही. माहिती आत असते, पण साच्यात तिला जागाच नाही. आणि काही चुकलंय असं फोन सांगत पण नाही. गप राहतो."

तिनं चौथा साचा घेतला. वर नाव, खाली मळा आणि वेळ. डब्यातल्या चारही फोनवर तपासलं. मग मला, अर्जुनाला आणि नव्वदीच्या हरणाबाईंना आयपॅड हातभर लांब धरायला लावून पाहिलं. हरणाबाईंना वाचता येत नाही. त्या म्हणाल्या, "दोन रेघा दिसत्यात गं. वरची जाड, खालची बारीक." दीक्षा म्हणाली, "बास आजी, तेवढंच पायजे."

मग मार्चमध्ये कमिटीची मीटिंग झाली.

जयराजनं आयपॅड हातात घेऊन यादी वरखाली सरकवली. "चांगलं झालंय, दीक्षाताई. पण ही नावाखालची जळमटं नकोत. नाव डावीकडं, वेळ उजवीकडं. फोनच्या सेटिंगात असतंय बघा, तसं. ग्रुपवर फोटो टाकला की कसा झकास दिसंल."

"मग दुसरा साचा घ्यावा लागंल," दीक्षा म्हणाली. "त्यात उजवीकडं एकच गोष्ट बसते. वेळ घातली तर मळा जाईल."

"जाऊ दे की. गावात कोण कुणाला वळखत न्हाई?"

दीक्षा माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही सांगा. अडतीस वर्षं तुम्ही लिहिलंय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला दोन लालासाहेब आठवले. खरं सांगायचं तर त्याच क्षणी आठवले. पण चौदा माणसं बघत होती, चेअरमनचं बोलून झालं होतं, आणि मला वाटलं, आपण जुनी माणसं, आपल्याला यातलं काय कळतं.

"चालंल," मी म्हणालो.

दीक्षानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि साचा बदलला. मळा मात्र तिनं खोडला नाही. नाव भरताना मळा भरायचा रकाना आत तसाच ठेवला. फक्त तो यादीत दिसत नव्हता, आणि भरलेली ओळ पुन्हा उघडून बघायची सोय अजून नव्हती.

दोन फेर सुरळीत गेले. जायचेच होते, कारण पाळी पाइपाच्या क्रमानं पुढे सरकते आणि अर्जुनाच्या पायांना तो क्रम पाठ आहे. यादीत मळा नाही हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या आलं होतं. मी बोललो नाही.

एप्रिलच्या शेवटी नदी आटली आणि येत्या गुरुवारपासून उपसाबंदी असल्याचं पत्र आलं. म्हणजे गुरुवारनंतर पुढची तारीख कळेपर्यंत मोटारी बंद. अशा वेळी शेवटच्या फेराला पाइपाचा क्रम धरत नाहीत, कारण शेवटच्या टोकाचे लोक कायमच मरतात. मग सगळ्या सभासदांच्या चिठ्ठ्या काढतात; पहिल्या काहींना बंदीआधी पाणी मिळतं, बाकीच्यांना त्याच क्रमानं बंदी उठल्यावर. संस्थेत सगळ्यात वयानं मोठं असेल त्यानं घागरीत हात घालून चिठ्ठी काढायची, सचिवानं, म्हणजे मी, ती वाचायची, आणि वाचून झाली की तिथंच फाडून चेंबरच्या पाण्यात सोडायची. कोणी परत चिठ्ठी फिरवू नये म्हणून ही रीत आहे.

पूर्वी चिठ्ठ्यांना सगळं गाव लोटायचं. त्या शनिवारी दहा-बारा जण होते. यादी फोनवर येणारच आहे, उन्हात कशाला जा. शिवाय थोरातांची निम्मी भावकी वडूजला लग्नाला गेलेली. आबाही तिकडेच आणि तात्याही तिकडेच. हरणाबाईंनी चिठ्ठ्या काढल्या, मी नाव आणि मळ्यासकट वाचल्या, दीक्षानं आयपॅडमध्ये भरल्या. प्रत्येक जण आपलं नाव आलं की उठून जात होता.

मी वाचता वाचता माझ्या खिशातल्या छोट्या डायरीतही लिहीत होतो. वही बंद झाली होती, लिहायचं कारण नव्हतं. पण हात राहत नाही. कोणी पाहू नये म्हणून डायरी मांडीआड धरली होती.

सोमवारी सकाळी पावणेअकराला अर्जुनाचा फोन आला. "काका, बिगीनं चेंबरवर या. दोनी लालासाहेब आल्यात."

मी काय समजायचं ते समजलो. त्या आठवड्यात दिवसाची लाइट होती, सात ते तीन. सात ते अकरा एक पाळी, अकरा ते तीन दुसरी. त्या दिवसाच्या यादीच्या फोटोत दुसऱ्या पाळीला एवढंच होतं: लालासाहेब थोरात, आणि उजवीकडे ११ ते ३.

जाता जाता मी दीक्षाला फोन लावला. ती म्हणाली, "कुठला लालासाहेब ते मला पाठ नाही, काका. पण आयपॅडमध्ये आहे. मी निघाले." आणि फोन ठेवता ठेवता, "कुणाचाच व्हॉल्व्ह उघडू नका म्हणावं."

चेंबरवर गेलो तर आबा लोखंडी झाकणावर उभे होते. शेजारी त्यांचा मुलगा शिवतेज, फौजेतून सुट्टीवर आलेला, हातात फावडं. मागे टेकावरची सात-आठ माणसं. समोर तात्या बांधावर बसलेले. साखरेच्या आजारानं ते फार वेळ उभे राहत नाहीत. त्यांच्या बाजूनं बोलत होत्या त्या त्यांच्या बायको, अंबूबाई. त्यांच्यामागेही चार-पाच जण, तेही रिकाम्या हातांनी आलेले नव्हते.

"भावजी, तुमच्या टेकाला मागच्या फेराला पाणी मिळालं की वो," अंबूबाई म्हणाल्या. "आमचं आल्याचं रान वाळून चाललंय. हिरीत बेडूक बी ऱ्हायला न्हाई."

"फेर जुना झाला, वैनी. माझी उसाची लागण मुरमावर हाय. चार दिवस पाण्याची वढ बसली की सरपण हुतंय तिचं." आबा हलले नाहीत. "यादीत माझं नाव हाय. मी काय मागून घेतल्यालं न्हाई."

"नाव तर ह्यांचं बी तेच हाय की!"

"मग बारसं करताना इचारायचं व्हतं," मागून कोणीतरी म्हणालं. दोघे-तिघे हसले. शिवतेज हसला नाही.

अकरा वाजले. आधीच्या पाळीचा व्हॉल्व्ह अर्जुनानं बंद केला. नदीवरची मोटार चालूच होती. पाणी चेंबरमध्ये चढत गेलं आणि वरच्या तोंडातून ओढ्यात पडायला लागलं. शेवटच्या फेराचं पाणी, आणि ते कोणाच्याच शेतात जात नव्हतं. त्या आवाजानं माणसं वळून ओढ्याकडे बघायला लागली.

मला जुनी गोष्ट आठवत होती. खूप वर्षांपूर्वी मी एकदा चुकून एकाच पाळीला दोन नावं लिहिली होती. असेच दोघे आले होते. मध्ये पडलेल्या पाटकऱ्याच्या हातावर फावडं बसलं आणि दोन बोटं गेली. तो पाटकरी म्हणजे अर्जुनाचा बाप. अर्जुना तेव्हापासून माझ्याशी कधी वाकडं बोलला नाही, पण आज व्हॉल्व्हची चावी छातीशी धरून उभा होता आणि माझ्याकडेच बघत होता.

डायरी माझ्या खिशात होती. उत्तर तिच्यात होतं. मग मी ती का काढली नाही, हे लोक मला आजही विचारतात. माझा माझ्या हातावर विश्वास नव्हता. शनिवारी मी मांडीआड, न बघता लिहिलं होतं. डायरीत एक निघालं आणि आयपॅडमध्ये दुसरं, तर? तर खोटा मी ठरलो नसतो. गाव माझ्या वहीला मानतं. खोटी ती ठरली असती.

दीक्षाची स्कूटी अकरा वाजून दहा मिनिटांनी आली. तिनं कोणाकडे पाहिलं नाही. बांधावर पिशवी ठेवली, लॅपटॉप मांडीवर घेतला, अर्जुनाकडून आयपॅड घेऊन वायरनं जोडला. उन्हात पडद्यावर काही दिसेना. मी छत्री उघडून तिच्यावर धरली.

"काय करतीस तू?" शिवतेजनं विचारलं.

"साचा बदलती. मळा आत लिहिलेला आहे, पण दिसत नाही. तो दिसंल असं करती."

तेवढ्यात जयराजची गाडी आली. त्यानं काच खाली न करता आधी सगळीकडे नजर फिरवली, मग उतरला. "मंडळी, शांत व्हा. ॲपमध्ये जरा घोळ झालाय. दीक्षाताई, आधी नीट तपासायला नको व्हतं का?"

दीक्षा टाइप करत राहिली.

"पाण्याची यादी ह्यांच्या हातात दिल्यावर दुसरं काय हुनार?" आबांच्या मागून आवाज आला.

तिची बोटं थांबली. मान वर न करता तिनं विचारलं, "ह्यांच्या म्हंजे कुणाच्या, भाऊ?"

बोलणारा दुसऱ्याच्या पाठीआड सरकला. मग बोटं पुन्हा चालू लागली.

तिनं एक शब्द बदलला. मला दाखवून बदलला. आधी दुसऱ्या साच्याचं नाव होतं, तिथं चौथ्याचं घातलं. मग ती थांबली. लॅपटॉपवर एक रेघ हळूहळू सरकत होती. आयपॅड एकदा काळा झाला आणि यादी पुन्हा आली. सगळे वाकले.

लालासाहेब थोरात. त्याखाली बारीक अक्षरात, ११ ते ३. बस.

"ह्ये काय?" अंबूबाई म्हणाल्या. "उजवीकडचं खाली आलं नुसतं!"

माणसं एकदम बोलायला लागली. आबा झाकणावर पाय आपटून म्हणाले, "खेळ चाललाय व्हय? अर्जुना, खोल माझा व्हॉल्व्ह!" तात्यांच्या बाजूचे चौघे पुढे सरकले. शिवतेजनं फावडं या हातातून त्या हातात घेतलं.

दीक्षाचा चेहरा उतरला होता. "घाईत एक राहिलं," ती हळू आवाजात मला म्हणाली. "साचा बदलला, पण खालच्या ओळीत काय घालायचं ते बदललं नाही. ती अजून नुसती वेळच घेतीय. दोन मिनिटं लागतील."

"दोन मिन्टांत तू मळा लिवणार," शिवतेज म्हणाला. तो ओरडला नाही, म्हणून ते जास्त लागलं. "आमच्या म्होरं बसून लिवणार, आन मग दाखवणार की बघा, हा मळा. ते आमी खरं कशावरनं मानायचं?"

ती जे करत होती ते खरं होतं, पण बघणाऱ्याला ते अगदी तसंच दिसणार होतं. तिनं हात मांडीवर ठेवले. तिथं जमलेल्या वीस माणसांत तिच्या बाजूनं बोलेल असं कोणी नव्हतं. जयराज फोनमध्ये बघत होता.

मी छत्री अर्जुनाच्या हातात दिली.

"घोळ ॲपात झालेला न्हाई," मी म्हणालो. "तिनं मळा दिला व्हता. मीटिंगात आपण काढायला लावला. तिनं मला इचारलं व्हतं, आन मी चालंल म्हणालो. दोन लालासाहेब हायत ह्ये मला ठावं व्हतं."

"काका..." जयराज म्हणाला.

"थांब रं." आयुष्यात चेअरमनला मी पहिल्यांदा असं म्हणालो. खिशातून डायरी काढली. "शनवारी चिठ्ठ्या वाचल्या तवा मी ह्यात बी लिवलंय. ह्ये बगा..."

"काका, उघडू नका!" दीक्षा एकदम म्हणाली. ती उठून उभी राहिली होती. "वाचू नका, मला सांगू नका. ती डायरी त्यांच्या हातात द्या. मिटलेली. आधी आयपॅडवर येऊ दे. मग त्यांनी उघडावी."

मला तिचं म्हणणं कळलं. जुळलं नाही तर आता वाटच राहणार नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं. तिलाही ते ठाऊक होतं. डायरीत मी काय लिहिलं, नीट लिहिलं की नाही, हे तिला कसं माहीत असणार? तरी ती म्हणाली, "द्या, काका."

मी डायरी शिवतेजच्या हातात ठेवली. त्यानं फावडं जमिनीत रोवलं आणि डायरी दोन्ही हातांत धरली, फौजेत कागद धरतात तशी.

दीक्षा खाली बसली. खालच्या ओळीपुढे तिनं मळ्याचा रकाना जोडला, मग वेळ. पुन्हा ती रेघ सरकायला लागली. अंबूबाई तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेत होत्या. आयपॅड काळा झाला. यादी आली.

दीक्षानं वाचलं नाही. आयपॅड तसाच उचलून सगळ्यांकडे वळवला.

लालासाहेब थोरात. त्याखाली, विहीर मळा, ११ ते ३.

आता सगळे शिवतेजकडे बघत होते. त्यानं डायरी उघडली. शनिवारचं पान शोधायला त्याला वेळ लागला. मी रोज काहीबाही टिपून ठेवतो, भाजी, औषधं, कोण आलं, कोण गेलं. तो एकेक पान उलटत होता आणि मला वाटत होतं, मी लिहिलंच नसेल. मग त्याचा अंगठा थांबला. तो ओठ हलवत वाचत खाली आला.

"सोमवार, दुसरी पाळी," तो म्हणाला. "लालासाहेब थोरात." थोडा थांबला. "हीर मळा."

त्यानं डायरी मिटून मला परत दिली. "आबा, उतरा. आपली बुधवारी हाय. त्ये बी लिवलंय ह्यात."

आबा झाकणावरून उतरले नाहीत. "बुधवारी लाइट न्हाई आली तर? गुरवारपसनं बंदी हाय."

अंबूबाई म्हणाल्या, "उतरा, भावजी. तुमी उभं ऱ्हायलं म्हणून पाणी काय तुमच्याकडं वळायचं न्हाई. बुधवारी लाइट न्हाई आली तर मी सवता जाऊन त्या वायरमनला बकोटीला धरून आणती."

आबा उतरले. अर्जुनानं चावी लावली. ओढ्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज कमी कमी होत बंद झाला. पाऊण तास वाया गेला होता. तात्या तेवढ्यात पहिल्यांदा बोलले. "बनसोड्याची का गं तू? तुझ्या बानं एकदा ह्योच पंप भर दुपारी खोलला व्हता. पाणी प्याला का इचारायचं बी आमाला सुचलं न्हाई." आणि त्यांनी आपल्या कळशीतून पेला भरून तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला आणि सगळा प्याली.

सगळे पांगल्यावर ती वायरी गुंडाळत होती.

"डायरीत बरोबर लिहिलंय, खात्री होती तुम्हाला?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मला पण माझ्या टायपिंगची नव्हती. साठ नावं भरली होती उन्हात." ती डब्याचं झाकण लावता लावता थांबली. "मीटिंगला बोलला असता तर, काका?"

ती रागावून बोलली नाही. मी तिची पिशवी उचलून स्कूटीला अडकवून दिली.

बुधवारी लाइट आली, पण दीड तास उशिरा. दोन्ही पाळ्यांचे तास कमी करून वाटून घ्यावे लागले. आबांना मिळालं तेवढ्यात खालची निम्मी लागण भिजली. वरच्या निम्म्याचं काय झालं ते पुढं दिसलंच. ते अजून जयराजशी बोलत नाहीत. माझ्याशी बोलतात, पण कमी.

पुढच्या आठवड्यात दीक्षा संस्थेत आली. जयराजनं या वेळी तिला काही सांगितलं नाही, चहा तेवढा मागवला. तिनं साचा चौथाच ठेवला होता, पण वरचं खाली आणि खालचं वर केलं होतं. आता मोठ्या अक्षरात मळा, आणि त्याखाली बारीक अक्षरात नाव आणि वेळ. तिनं आयपॅड माझ्यापुढे ठेवला.

"चालंल का, काका?"

"थांब," मी म्हणालो. चष्मा काढून पुसला आणि घातला. पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. जयराजचा चहा निवला. कोणीतरी घसा खाकरला. मी एकेक ओळ बोटानं वर सारत होतो. छत्तिसाव्या ओळीवर बोट थांबलं. मी ती दोनदा वाचली, मग आयपॅड तिच्याकडे वळवला.

"न्हाई चालायचं," मी म्हणालो. "ह्यो टेकाचा मळा न्हाई. टेकाखालचा हाय."

दीक्षानं डब्यातून पेन्सिल काढली.